चर्चच्या वहीत आहोत, मतदार यादीत आहोत का?

आमच्या वसईत मूल जन्माला आलं की दोन-तीन महिन्यांत त्याचं नाव चर्चच्या वहीत चढतं. बाप्तिस्मा कोणत्या तारखेला झाला, आईबाप कोण, धर्मपिता आणि धर्ममाता कोण, डोक्यावर पाणी कोणत्या फादरांनी ओतलं, सगळं एका ओळीत. पुढे त्याच मुलाचं लग्न दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये झालं तरी तिथून कळवलं जातं आणि बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदीशेजारी समासात लग्न लिहिलं जातं. माणूस गेला की मृत्यूच्या वहीत. कुणाला आपल्या पणजोबांची तारीख हवी असेल तर चर्चच्या ऑफिसात बसून जुनी वही चाळली की बहुतेक वेळा सापडते. पिढ्यान् पिढ्या इतक्या निगुतीने आपल्या माणसांची नोंद ठेवणारा आपला समाज आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

म्हणूनच मतदार यादीत मला जे दिसलं ते जिव्हारी लागलं.

मागे आमच्या धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, युवा संघाच्या चार मुलांना बरोबर घेऊन मी आमच्या भागाची यादी वाचायला बसले. आयुष्यभर शाळेत हजेरी घेतलेली, त्यामुळे नावं वाचायचा कंटाळा नव्हता. एकाने नाव वाचायचं, बाकीच्यांनी घर ओळखायचं, मी पेन्सिलीने खूण करायची. पहिल्याच पानावर शेजारचे एक काका निघाले. त्यांच्या अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो होतो, त्याला सहा वर्षं झाली होती. त्यांचं नाव जागच्या जागी. त्यांची नात त्याच घरात राहते, कॉलेज संपवून नोकरीला लागली आहे, तिचं नाव नाही. एका घरात बाप डिसोजा, मुलगा डिसूझा आणि सून डिसोझा. लग्न होऊन भुईगावला गेलेली मुलगी अजून निर्मळला माहेरच्या पत्त्यावर. म्हणजे सासरी तिला मत देता येत नाही, आणि मतदानासाठी कामाच्या दिवशी दोन लेकरं घेऊन माहेरी येणं तिला जमत नाही. दोन-तीन घरं धड लागली की चौथ्या घरात काहीतरी खोट निघायची. मुलं सुरुवातीला हसत होती. तासाभराने गप्प झाली.

त्यानंतरच्या एका निवडणुकीत आमच्याच घरात तो प्रकार झाला. माझ्या सासूबाईंनी लग्न होऊन या गावात आल्यापासून एकही मतदान चुकवलं नव्हतं. त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं नेसून, हातात ओळखपत्र घेऊन त्या सकाळी साडेसातला रांगेत उभ्या राहिल्या, आणि टेबलामागच्या माणसाने यादी दोनदा चाळून सांगितलं, आजी, तुमचं नाव यात नाही. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं, ओळखपत्र साड्यांच्या घडीखाली ठेवलं आणि देवघरातल्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून बसल्या. नाव कुणी काढलं, कसं काढलं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण यादी महिनाभर आधी पाहता येत होती आणि ती मी पाहिली नव्हती. दुसऱ्यांची घरं तपासणारी मी, स्वतःच्या घराचं नाव गृहीत धरून बसले होते.

या लेखात मला सांगायचं आहे ते इतकंच. आपल्या चर्चपाशी माणसांना ओळखण्याची, जोडण्याची, दारोदार पोहोचण्याची जी ताकद आहे, ती आपण नागरिक म्हणून जवळजवळ वापरतच नाही. सणाची वर्गणी घरटी गोळा करता येते. नोव्हेनाच्या प्रार्थनेच्या नऊ दिवसांत कोणत्या वाडीने कधी काय करायचं याची पाळी ठरते आणि ती चुकत नाही. मग अठरा पूर्ण झालेलं प्रत्येक मूल मतदार झालं की नाही, हे पाहायला आपल्याकडे माणसं नाहीत असं कसं म्हणायचं?

एक उदाहरण तर इतकं हाताशी आहे की ते सुचायला मला इतकी वर्षं का लागली याचं वाईट वाटतं. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर किंवा त्यांनी नेमलेले सेवक घरोघरी जाऊन आजारी आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, देतात. त्यांच्याकडे एक यादी असते. कोण उठू शकत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाच्या घरी दुपारनंतर जायचं. आता निवडणूक आयोगाचा नियम पाहा. वय ८५ च्या पुढे असेल किंवा ४० टक्के अपंगत्व असेल, तर फॉर्म १२ डी भरून घरबसल्या मत देता येतं. निवडणूक अधिकाऱ्यांची माणसं मतपत्रिका घेऊन घरी येतात. फक्त अर्ज वेळेत द्यावा लागतो, अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. पाच दिवसांत ही माणसं शोधायची कुणी? सरकारला ती शोधावी लागतात. आपल्याला ती पाठ आहेत. पहिल्या शुक्रवारची ती यादी आणि हा फॉर्म आजवर एका टेबलावर आलेले मी पाहिलेले नाहीत.

यावर लगेच कुणीतरी म्हणतं, चर्चने राजकारणात पडू नये. हे म्हणणारी माणसं चांगली आहेत आणि त्यांचा मुद्दाही मला हलका वाटत नाही. मी स्वतः त्याच मताची आहे, पण अर्ध्या वाटेपर्यंतच. वेदीपाशी उभं राहून अमक्याला मत द्या असं कुणी सांगितलं तर मी उठून बाहेर जाईन. आपला कायदाही तेच सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. अमुक मत दिलंस किंवा दिलं नाहीस तर ईश्वराची अवकृपा होईल, धर्मातून ठपका येईल, अशी भीती घालणं हाही त्याच कलमात अनुचित दबाव ठरतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा निकालाने, ही बंदी आणखी रुंद केली: धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, त्याच्या नावावर मत मागायचं नाही. हा खटला आपल्याच मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या निवडणुकीतून उभा राहिला होता. २०१७ च्याच अखेरीस, गुजरात विधानसभेच्या वेळी, गांधीनगरच्या आर्चबिशपांनी प्रार्थनेचं आवाहन करणारं एक पत्र काढलं. त्यात राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचावा असा सूर होता, आणि निवडणूक यंत्रणेने त्यांच्याकडून खुलासा मागवला. पत्रामागचा हेतू मला समजतो. पण मेंढपाळाच्या, म्हणजे बिशपांच्या, सहीचं पत्र निवडणुकीच्या तोंडावर असं निघालं की त्याचा अर्थ फक्त आपण लावत नाही, समोरचाही लावतो आणि त्याचा फलक करून गावभर फिरवतो. त्याने ख्रिस्ती माणसाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पण मत कुणाला द्यावं हे सांगणं वेगळं आणि मत द्यावं हे सांगणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला कायदा कुठेच आडवा येत नाही, आणि धर्म तर ती करायलाच सांगतो. कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथात, २२४० क्रमांकाचा परिच्छेद आहे. कर भरणं, मतदानाचा हक्क बजावणं आणि देशाचं रक्षण करणं ही तिन्ही तिथे नैतिक कर्तव्यं म्हणून एका दमात सांगितली आहेत. कर्तव्य, सवड असली तर करायची गोष्ट नव्हे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये हेच सांगितलं. फादरांनी सत्तेचं पद घेऊ नये असं चर्चचा कायदा म्हणतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच वेळी संसाराची, बाजाराची, राज्यकारभाराची जबाबदारी चर्च प्रापंचिकांवर टाकतं. म्हणजे तुमच्या-माझ्यावर. आपण मात्र ती फादरांनी घ्यावी म्हणून वाट पाहतो, आणि फादर कायद्याला धरून गप्प बसले की आपणही गप्प बसतो.

माझ्या अहमदनगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट मैत्रिणी सांगतात की त्यांच्या मंडळीतही हेच चित्र आहे. चर्चच्या पंच कमिटीच्या निवडणुकीला माणूस मुंबईहून गाडी करून येतो, हिरिरीने गट पाडतो, मतं मोजताना रात्र जागवतो. नगरपालिकेच्या निवडणुकीला तोच माणूस म्हणतो, आपल्याला काय करायचंय.

आपल्याला काय करायचंय, या तीन शब्दांच्या खाली एक दुसरं वाक्य दडलेलं असतं: आपण आहोत किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता भरत नाही. मला हे वाक्य कुणी ऐकवलं की मी १९४९ ची गोष्ट सांगते. इंग्रजांच्या काळात, १९३५ च्या कायद्याने, भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ होते. ख्रिस्ती मतदार, ख्रिस्ती उमेदवार. संविधान लिहिताना अल्पसंख्याकांना राखीव जागा ठेवायच्या का, हा प्रश्न आला. घटना समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती होते आणि अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच होते. जेरोम डिसोझा हे येशूसंघीय फादर मद्रासहून सभासद होते. या माणसांनी राखीव जागांचा आग्रह धरला नाही. मे १९४९ मध्ये घटना समितीने धर्मावर आधारलेल्या राखीव जागा सोडून दिल्या तेव्हा मुखर्जी त्या निर्णयाच्या बाजूने उभे राहिले. त्यांनी आपल्या वतीने एक पैज लावली होती, असंच मी त्याकडे पाहते. आम्ही वेगळ्या दाराने आत येणार नाही, सगळ्यांबरोबर त्याच दाराने येऊ. पण मग त्या दारातून आत जायला तर हवं. राखीव दार आपण सोडलं आणि मोठ्या दारातून जायचा कंटाळा केला, तर त्या माणसांनी आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचं काय झालं?

आकड्यांचंच म्हणाल तर थोड्या मतांनी मोठे निकाल लागल्याचे दाखले शेजारीच आहेत. गोव्यात १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. चौतीस हजारांच्या फरकाने एका भूमीचं पुढचं सगळं भवितव्य ठरलं. निकाल कुणाला गोड लागला, कुणाला कडू, ते इथे नको. माझं लक्ष जातं ते एवढ्यावर की गोव्यात ख्रिस्ती तेव्हाही निम्म्यापेक्षा कमी होते. ते मोठ्या संख्येने मतदानाला उतरले, आणि तरीही एकट्याने जिंकू शकले नसते. हजारो हिंदू शेजारी त्यांच्याबरोबर उभे होते म्हणून तो कौल तसा लागला. आपल्या वसईत २०२४ च्या विधानसभेचा निकाल तीन हजारांच्या आसपास मतांनी लागला. एवढी माणसं तर आमच्या एका मोठ्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्सांना, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, येत असतील.

तरी मी हा आकड्यांचा हिशेब फार ताणणार नाही, कारण त्याच वाटेने आपण एका खड्ड्यात पडलो आहोत. ख्रिस्ती मतं. निवडणूक आली की हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी येतात. उमेदवार पुष्पगुच्छ घेऊन फादरांच्या घरी येतो, फोटो निघतो, चर्चच्या आवाराला पेव्हर ब्लॉक किंवा दफनभूमीला कुंपण कबूल होतं, आणि आपण समजतो की राजकारण झालं. त्या क्षणी आपण मतदार उरत नाही, अर्जदार होतो. दफनभूमीची जागा, अल्पसंख्याक शाळेचं अनुदान, रस्त्यालगतच्या क्रूसाचं संरक्षण, या सगळ्या खऱ्या गरजा आहेत आणि त्यासाठी अर्ज करायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. पण गेल्या वीस वर्षांत आपण सार्वजनिक व्यवहारात स्वतःसाठी मागण्याखेरीज काय बोललो, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायला जड जाईल.

असं नेहमी नव्हतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीला वसईच्या हिरव्या पट्ट्यावर इमारतींचं संकट आलं, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या साथीदारांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. त्या मोर्च्यांत मी तरुण शिक्षिका म्हणून चालले आहे. बरोबर केळीच्या वाड्या कसणारे सामवेदी ब्राह्मण होते, वाडवळ होते, कोळी होते, आदिवासी होते. घोषणा पाण्याच्या होत्या, विहिरींच्या होत्या, टँकरवाल्यांच्या आणि गुंडगिरीच्या विरोधात होत्या. चर्चसाठी आम्ही एक वीटही मागत नव्हतो. फादरांना धमक्या आल्या, त्यांना पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. पुढे हेच फादर २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि जुलै २०२४ मध्ये ते गेले तेव्हा डोळे पुसणाऱ्यांत कोण कुठल्या धर्माचं होतं हे कुणाला सांगता आलं नसतं. त्यांनी उभ्या आयुष्यात जो मान मिळवला तो ख्रिस्ती मतांच्या जोरावर मिळवलेला नव्हता. ते सगळ्या वसईचं दुखणं बोलत होते.

मग ३ जुलै २००९ रोजी चार नगरपालिका आणि त्रेपन्न गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. आमच्या गावांना ती नको होती. आंदोलनं झाली, लाठ्या खाल्ल्या, २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळायची अधिसूचनाही काढली, मग प्रकरण हायकोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. त्या लढ्यात आपला समाज मागे नव्हता, हे आवर्जून सांगायला हवं. पण मला आता मागे वळून पाहताना जाणवतं की आपण मोर्च्याला हजारोंनी जायला शिकलो आणि रोजचं काम विसरलो. गाव वाचवायचं म्हणून रस्त्यावर उतरलेली किती माणसं त्याआधी ग्रामसभेला जात होती?

मी जात होते, म्हणून सांगते. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. गणपूर्तीला गावातल्या मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसं, यातली जी संख्या कमी असेल ती लागते. शंभर माणसं! रविवारच्या पहिल्या मिस्सेतून सरळ चालत आली असती तर सभागृहात जागा पुरली नसती. आणि तरी गणपूर्तीअभावी सभा तहकूब झालेली मी अनेकदा पाहिली. तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही, आणि पंचवीस-तीस माणसांसमोर विषय वाचून मंजूर होतात. अशाच एका सभेत आमच्या आळीतलं बावखल बुजवायचा विषय आला होता. ज्यांना बावखल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: वाडीला पाणी द्यायला आणि पावसाचं पाणी जिरवायला आमच्या पूर्वजांनी खोदलेलं तळं. त्यात आम्ही पोहायला शिकलो, त्याच्या काठावर आळू लावला. सभेला आम्ही दोघी-तिघी बोललो, बाकी कुणी नव्हतं. आज त्या बावखलाच्या जागी गाड्या लागतात. जुलै २०१८ मध्ये वसई कित्येक दिवस पाण्याखाली होती, लोकल बंद होत्या, वीज नव्हती, तेव्हा माझ्या ओसरीत गुडघाभर पाणी होतं आणि मला तीच सभा आठवत होती. पाणी जायच्या वाटा एका रात्रीत बंद झाल्या नाहीत. रिकाम्या खुर्च्यांसमोर एकेक करून बंद झाल्या.

आता तर महापालिकेत गेलेल्या गावांत ग्रामसभाही नाही. महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची पाच वर्षं प्रशासकाचं राज्य होतं. नगरसेवक नाही, सभा नाही, कुणाला विचारायची सोय नाही. आपल्यातली किती माणसं त्या पाच वर्षांत अस्वस्थ झाली? निवडणूक का होत नाही, असं किती धर्मग्राम परिषदांनी आपल्या बैठकीत विचारलं? रस्ता खोदला म्हणून चिडलेले भेटायचे, पण रस्त्याचा जाब द्यायला निवडून आलेला माणूसच नाही, याचं वाईट वाटणारे क्वचित.

एक अडचण मी टाळणार नाही, ती भीतीची. अलीकडे प्रार्थनासभेवर लोक चालून गेल्याच्या, पाळकांना पोलीस चौकीत बसवून ठेवल्याच्या बातम्या वेगवेगळ्या राज्यांतून येतात. धर्मांतराविरुद्धचे कायदे एकामागून एक होत आहेत. अशा वेळी पुष्कळांना वाटतं की खाली मान घालून आपलं काम करावं. शेजारच्या एक मावशी मला म्हणाल्या, "अगं बाय, आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात. उगाच डोळ्यावर कशाला यायचं?" मावशींना मी उलट बोलू शकले नाही. त्यांचा मुलगा परराज्यात एका मिशनच्या शाळेत शिकवतो, आणि त्या रोज रात्री त्याच्या फोनची वाट पाहतात. पण मला मनापासून वाटतं की लपून राहिलेल्या माणसाला संकटात ओळखणारं कुणी नसतं. ज्या गावात ख्रिस्ती बाई पाणी समितीत आहे, ख्रिस्ती तरुण शाळा व्यवस्थापन समितीत बसतो, वस्तीच्या नालेसफाईसाठी महापालिकेत खेटे घालतो, त्या गावात उद्या कुणी अफवा घेऊन आला तर पहिला शेजारीच म्हणेल, अरे, याला आम्ही ओळखतो. ही ओळख मिस्सेत होत नाही. ती चर्चच्या फाटकाबाहेर, रेशनच्या रांगेत आणि वॉर्डाच्या बैठकीत होते.

आपल्याकडे असा एक माणूस होऊन गेला आणि आपल्या मुलांना त्याचं नाव माहीत नसतं. जोसेफ बाप्टिस्टा. घराणं उत्तनचं, जन्म माझगावचा, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई भागातल्या मूळ ख्रिस्ती समाजातले, कॅथलिक. लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, गिरणी कामगारांचे पुढारी, १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष. मुंबई त्यांना काका म्हणायची. त्यांनी चर्च सोडलं नाही आणि चर्चपुरतं राहिलेही नाहीत. माझगावच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचं नाव आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना दूरदूरच्या संतांची चरित्रं शिकवतो. वर्षातला एक रविवार काकांसाठी ठेवला तर काय बिघडेल?

तरुणांचं म्हणाल तर अर्धी मुलं आखातात, कॅनडात, जहाजांवर. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला फॉर्म ६ए भरून नाव ठेवता येतं, पण मत द्यायला पासपोर्ट घेऊन इथल्या केंद्रावरच यावं लागतं. हे बदलायला हवं, आणि आपल्यासारख्या समाजानेच ते मागायला हवं. तोवर इथे उरलेल्यांवरच भार आहे. २०२४ ची लोकसभा आपल्याकडे २० मे रोजी झाली, ऐन सुट्टीत, लग्नसराईत. तेव्हा माथेरानला गेलेल्यांना मी दोष देत नाही. पण लग्नाची तारीख ठरवताना आपण उपासकाळ पाहतो, पाऊस पाहतो, हॉल पाहतो. त्या यादीत मतदानाची तारीखही बसायला हरकत नाही. आणि मुद्दा एका दिवसाचा नाहीच. नाव नोंदवायला आता वर्षातून चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा पूर्ण होणाऱ्याने फॉर्म ६ भरायचा, सतरा झाल्यावरच आगाऊ अर्ज देता येतो. पत्ता बदलला, नाव चुकलं तर फॉर्म ८. गेलेल्या माणसाचं नाव काढायला फॉर्म ७. २०२५ मध्ये बिहारमध्ये याद्यांची विशेष फेरतपासणी झाली तेव्हा मसुदा यादीत सुमारे ६५ लाख नावं आली नाहीत. अशी तपासणी दारात येईल तेव्हा धावपळ करणाऱ्यांत आपण नसावं असं मला वाटतं.

उमेदवारांच्या भेटीचंही माझं एक ठाम म्हणणं आहे. त्या फादरांच्या खोलीत होऊ नयेत. गावातल्या सगळ्या वस्त्यांनी, देवळाच्या आणि मशिदीच्या लोकांनी मिळून एखाद्या शाळेच्या मैदानात सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी बोलवावं, आणि पाणी, नाले, दवाखाना, डम्पिंग ग्राउंड यावर प्रश्न विचारावेत. आपण बोलवणाऱ्यांपैकी एक असावं, यजमान नसावं. फादरांनी हवं तर शेवटच्या रांगेत बसावं, नागरिक म्हणून. त्यांनाही मत आहेच.

आम्ही सुरुवात लहान केली. गेल्या पावसाळ्याआधी दोन रविवार मिस्सेनंतर चर्चच्या बाहेर, फाटकाच्या पलीकडे, आंब्याखाली एक टेबल टाकलं. आवाराच्या आत टाकायचं नाही, हे आम्हीच ठरवलं होतं. पलीकडच्या आदिवासी पाड्यातली आणि वाडवळ आळीतली मुलंही यावीत म्हणून पाटी बाजाराकडे तोंड करून लावली. पहिल्या रविवारी नऊ जण आले. दुसऱ्या रविवारी मोजायचं भान राहिलं नाही. एक मुलगा, सतरा पूर्ण झालेला, मोबाइलवर फॉर्म भरता भरता आडनावापाशी अडला. आधार कार्डावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बापाच्या ओळखपत्रावर तिसरं. "टीचर, खरं कोणतं लिहू?" तो म्हणाला. मी त्याला चर्चच्या ऑफिसात पाठवलं. त्याने वही काढायला लावली, स्वतःची ओळ शोधली, मग बापाची, मग आजोबांची. तिन्ही ठिकाणी एकच स्पेलिंग होतं, एकाच शाईत नसलं तरी. धावत परत आला आणि उभ्याउभ्याच त्याने ते फॉर्मवर लिहिलं.